श्रुतपंचमीसाठी कागद कोणता घ्यावा?



ज्येष्ठ शुद्ध पंचमी जवळ आली की पाठशाळेच्या मुलांकडून काहीतरी करून घ्यायचं काम माझ्याकडे येतं. षट्खंडागम लिहून पूर्ण झाला आणि त्याची पूजा झाली, तो हा दिवस. म्हणून मुलं ताडपत्राची पोथी, वाचनखुणा, ग्रंथांची कव्हरं असं बनवतात. यवतमाळच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलं की बाकीच्या जणी आधी रंग बघतात. मी आधी एवढंच ठरवते, की ही वस्तू भिंतीवर लागणार आहे की ग्रंथात राहणार आहे?

भिंतीवर लागणार असेल तर क्रेप, पतंगी, घोटीव, काहीही चालेल. ग्रंथासाठी मात्र तसं चालत नाही. आमच्या मंदिरातल्या एका जुन्या ग्रंथात कुणीतरी लाल क्रेपची खूण ठेवली होती. पावसाळ्यात कागद ओलसर झाला, रंग सुटला आणि दोन पानांवर कायमचा उतरला. त्याच कपाटातल्या दुसऱ्या ग्रंथात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. कात्रणाच्या मापाचा तपकिरी चौकोन दोन्ही पानांवर उमटलाय. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हवा-उजेडाने पिवळं पडतं, कागद आम्लधर्मी होतो आणि शेजारच्या पानालाही खराब करतो. वर्तमानपत्राची कव्हरं घालणाऱ्या बायकांना हे सांगितलं की राग येतो, पण सांगायलाच हवं.

धवला टीकेसह षट्खंडागम शतकानुशतकं मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर सांभाळला गेला. डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला त्याचा पहिला छापील खंड १९३९ मध्ये निघाला, तो आपल्या शेजारच्या अमरावतीहून. इतक्या कष्टाने आपल्या हातात आलेल्या ग्रंथात आपण क्रेप ठेवायचा?

खुणांसाठी मी सुती हातकागद घेते. तो कापसाच्या चिंध्यांचा असतो. कापसात लिग्निन जवळजवळ नसतंच, त्यामुळे तो लवकर पिवळा पडत नाही. आपला जिल्हा कापसाचा, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने १९३४ नंतर हातकागदाचं काम केलं, तरी आपल्याकडे हा कागद लग्नपत्रिकेपुरताच आठवतो! रंगीत घेत असाल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा घासून बघा. फडक्याला रंग लागला तर तो भिंतीसाठी ठेवा.

सासूबाई म्हणाल्या, "एवढीशी खूण, तिले इतका महाग कागद कायले?" एका मोठ्या तावातून किती पट्ट्या निघतात ते कापून दाखवलं, तेव्हा गप्प बसल्या.

त्यांची दुसरी शंका मात्र रास्त होती. कागदात सरस नाही ना? जलरंगाच्या काही महागड्या कागदांवर जिलेटिनचा थर असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. कागदावर तसं लिहिलेलं असतंच असं नाही. म्हणून दुकानदार किंवा कंपनी स्पष्ट सांगत नसेल तर तो कागद मी घेत नाही. साध्या कार्डशीटवर आपलं काम छान होतं.

ताडपत्राच्या पोथीसाठी दोनशे ते अडीचशे जीएसएमचं कार्डशीट पुरे. झेरॉक्सचा पंचाहत्तरचा कागद आपल्या उन्हाळ्यात सुरळी होऊन बसतो. कापायच्या आधी शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. एका बाजूने सहज वाकतं, दुसऱ्या बाजूने अडतं. जी बाजू अडते, तिच्या दिशेने पट्टीची लांबी ठेवा, म्हणजे पान ताठ राहतं. ही गोष्ट मुलांना एकदा दाखवली की ती घरी जाऊन सगळ्या वह्या वाकवतात, ही जोखीम आहेच.

चिकटवायला मी गव्हाच्या पिठाची खळ करते. लागेल तेवढीच, त्याच दिवशीची. उरलेली ओली खळ ठेवायची नाही, दुसऱ्या दिवशी तिच्यात जीव पडतात. पण ग्रंथाच्या आत खळही नको, पिठाच्या वासाला कसर येते. मग ती मारायची का, हा प्रश्न उभा राहण्यापेक्षा खूण नुसती कागदाची पट्टी असावी, वर भोक आणि सुती दोरा.

चमकीवरून यंदा मंडळात बराच वाद झाला. शेवटी ठरलं, चमकी फक्त दाराच्या तोरणाला, आणि तोरण लावणाऱ्याने हात धुऊनच ग्रंथाला हात लावायचा.