स्टेशन ते गाव : नाशिकच्या ट्रामची वाट

भंडाऱ्याच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. स्टेशन म्हणजे गाव नव्हे! आमचे 'भंडारा रोड' स्टेशन आहे वरठीला आणि भंडारा तिथून दहा-बारा किलोमीटर. तुमसर रोडचीही तीच तऱ्हा. रेल्वेने ज्या गावाच्या नावापुढे 'रोड' हा शब्द लावला, ते गाव स्टेशनापासून दूर, असे खुशाल समजावे. आमच्या लहानपणी रात्री-बेरात्री गाडीतून उतरलो की बाबा आधी टांगा शोधायचे. टांगेवाला नाही म्हणाला, तर ट्रंका डोक्यावर घेऊन पायी.

म्हणूनच नाशिकची सहल ठरली तेव्हा 'नाशिक रोड' हे नाव वाचून आम्हाला आपल्याच घरचे वाटले. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन घरची सात माणसे विदर्भ एक्स्प्रेसने निघालो. सोबत छहात्तर वर्षांची माय आणि दोन शाळकरी मुले. भाकरी, झुणका, पाण्याची कॅन, सगळे घरून बांधून घेतलेले. काळाराम मंदिर, गोदावरी आणि त्रिरश्मी लेणी बघायची, एवढाच बेत होता. नाशिकला एके काळी ट्राम होती, ही गोष्ट आमच्यातल्या एकाने जुन्या पुस्तकात वाचलेली. त्याने ती गाडीत सांगितली आणि मुले तिलाच धरून बसली.

"मुंबईसारखी ट्राम?" मुलांचा पहिला प्रश्न.

मुंबईची ट्राम मोठी. ती ९ मे १८७४ रोजी घोड्यांवर सुरू झाली, ७ मे १९०७ पासून विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री कायमची थांबली. गिरणगावातल्या आपल्या कितीतरी माणसांनी तिच्यातून प्रवास केला. नाशिकची ट्राम तिच्यापुढे लहानशीच. १८८९ च्या सुमारास ती सुरू झाली. रूळ अडीच फुटी, डबे दोन आणि ओढायला चार घोडे. नाशिक रोड स्टेशनापासून मेनरोडवरच्या नगरपालिकेच्या इमारतीपर्यंत आठ-दहा किलोमीटरची तिची वाट. तेव्हा या दोन टोकांच्या मधे वस्ती जवळजवळ नव्हतीच, झाडीच होती. या कामाशी एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरचा संबंध होता. पुढे पंढरपूरच्या वारकऱ्यांना ओळखीची झालेली बार्शी लाईट रेल्वे त्यानेच बांधली आणि तिचे रूळही अडीच फुटीच ठेवले.

"चार घोडे डोंगर आला की काय करत असतील?" धाकट्याने विचारले. डोंगर नव्हता, पण उन्हाळा होता. त्या घोड्यांची आम्हाला खरोखर दया आली. पुढे घोडे गेले आणि त्यांच्या जागी पेट्रोलचे इंजिन आले.

बोलता बोलता मुले झोपी गेली. माय मात्र जागीच होती. "चाळीसगाव आलं का मले सांगजो," असे तिने दोनदा बजावले. मध्यरात्र उलटल्यावर गाडी चाळीसगावला थांबली. माय खिडकीशी आली आणि फलाटाच्या दिव्यांकडे बघत हात जोडून उभी राहिली. एका मुलाला जाग आली. त्याने विचारले, आजी काय बघते?

मग त्याला सांगावे लागले. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याकडचे काम आटोपून मुंबईला परत जाताना याच स्टेशनवर उतरले होते. इथल्या आपल्या लोकांनी त्यांना एक रात्र राहण्याचा आग्रह केला होता. वस्ती नदीपलीकडे, दोनेक मैलांवर. पण स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र मिळाला नाही. वस्तीतल्याच एका माणसाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलाशी चाक अडकले आणि बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. त्यांच्या पायाचे हाड मोडले. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस! आगगाडीत तिकीट काढून बसलेल्याला कोणी उठवले नव्हते. स्टेशनाबाहेर पाऊल पडताच जात आडवी आली. १९०१ साली, लहानपणी मसूर स्टेशनवर बैलगाडीवाल्याने केले तेही असेच. दुप्पट भाडे घेतले, वर गाडी मुलांनाच हाकायला लावली. दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत.

तेव्हा आम्हाला ट्रामचे महत्त्व जास्त कळले. टांगा एका माणसाचा असतो आणि त्याची मर्जी चालते. रुळावरच्या गाडीचे भाडे ठरलेले, वेळ ठरलेली. स्टेशन आणि गाव यांच्यामधले ते आठ-दहा किलोमीटर म्हणजे काही साधे अंतर नव्हते.

पहाटेच्या अंधारात नाशिक रोडला उतरलो. उजाडेपर्यंत फलाटावरच पथारी टाकली, चहा घेतला. चहावाल्या दादांना ट्रामचे विचारले तर ते हसले. "ट्राम? ताई, इथे? रिक्षा घ्या नाहीतर शालिमारची बस." रुळाचा तुकडासुद्धा कुठे दिसला नाही. नाशिक रोड आणि नाशिक आता एकच शहर झाले आहे. बस पुणे रस्त्याने द्वारकेकडे निघाली. दोन्ही बाजूंना दुकाने, इमारती, दवाखाने एकाला एक लागून. इथे झाडी होती, हे मुलांना काही केल्या खरे वाटेना.

शालिमारला उतरून बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले आणि मेनरोडला चालत गेलो. महापालिकेची जुनी इमारत गर्दीत उभी आहे. ट्रामची शेवटची जागा तीच. प्लेग आणि दुष्काळाच्या वर्षांनी धंदा बुडाला, तोटा वाढत गेला आणि १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ट्राम बंद पडली. हातगाडीवाल्याने बाजूला व्हायला सांगेपर्यंत आम्ही तिथेच हिशेब करत उभे होतो. १९३१ च्या आधी, म्हणजे मार्च १९३० मध्ये ट्राम चालू होती!

त्या महिन्यात नाशिकला काय घडले ते आपल्या घराघरात माहीत आहे. २ मार्च १९३० रोजी सुमारे पंधरा हजार माणसे जमली. मैलभर लांब मिरवणूक निघाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया मंदिराच्या चार दरवाजांवर जाऊन बसल्या. दादासाहेब गायकवाडांनी तो लढा पुढे कितीतरी वर्षे चालवला.

मेनरोडपासून आम्ही पायीच नदीकडे उतरलो, पलीकडे पंचवटीत गेलो. माय दोन ठिकाणी बसली. ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून काळ्या दगडाच्या त्या दरवाजापर्यंत म्हातारीच्या पायाने अर्ध्या तासाच्या आसपास. ट्रामने माणूस मेनरोडपर्यंत आला तरी पुढे हे दार होतेच, आणि १९३० मध्ये ते बंद होते. आता ते उघडे आहे. आम्ही आत गेलो नाही. बाहेर पायरीजवळ उभे राहून मायने दगडावर हात ठेवला आणि विचारले, "त्या पंचवीस बाया कोणत्या दरवाज्यात होत्या?" कोणालाच उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी लेणी पाहिली. चोवीस लेणी आणि पायथ्याशी बुद्धविहार. त्यावर सवडीने लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. इथे एवढेच, की विणकरांच्या श्रेणीकडे व्याजाने ठेवलेल्या पैशाचा लेख तिथे भिंतीवर कोरलेला आहे. मोहाडी-आंधळगावकडच्या विणकरांनी तो मुद्दाम बघावा.

परतीच्या गाडीला नाशिक रोडला रात्री बसलो. चाळीसगाव आले तेव्हा या खेपेला दोन्ही मुले स्वतःहून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

सकाळी वरठीला उतरलो. बाहेर ऑटोवाले हाका मारत होते, "भंडारा, भंडारा! एकच सीट, एकच सीट!" आम्ही सात जण. दोन ऑटो केले.