परसातली भट्टी

रोदाँचं ‘नरकाचं दार’ ब्राँझमध्ये उभं राहिलं ते तो गेल्यानंतर. १८८० मध्ये हाती घेतलेलं हे काम १९१७ मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हाही प्लास्टरमध्येच होतं. धातूत त्याच्यावर उजेड कसा पडतो हे त्याला पाहायला मिळालं नाही. त्याच्या इतर मूर्तीही व्यावसायिक ओतारीच ओतून देत. शिल्पकाराने मातीपाशी थांबायचं आणि धातूचं दुसऱ्यांवर सोपवायचं, ही वाटणी आज आपल्याकडेही इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कोणाला काही वाटेनासं झालं आहे. मला वाटतं. म्हणून माझ्या लहान मूर्ती मी कोल्हापुरात घराच्या परसातच ओततो.

फाउंड्रीबद्दल मला आदर आहे. शिरोलीच्या मोल्डरांना जे हातातून कळतं ते मला पुस्तकातून कळायला फार वेळ लागला. पण बाहेर दिलेली मूर्ती परत येते तेव्हा तिच्या मेणावरून एखाद्या अनोळखी हाताची सुरी फिरलेली असते. मुद्दाम ठेवलेल्या अंगठ्याच्या खुणा कानशीने सपाट झालेल्या असतात. तो माणूस त्याच्या दृष्टीने मूर्ती नीटनेटकी करत असतो. त्या खुणा कशासाठी ठेवल्या होत्या, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मात्र घरी ओतण्याचं माझं खरं कारण वेगळं आहे. मेणाची मूर्ती तयार झाल्यावर तिच्याकडे धातूच्या बाजूने पाहावं लागतं. रस कुठून शिरेल, हवा कुठून निघेल, कुठला भाग आधी थिजेल? थिजताना ब्राँझ आक्रसतं. बारीक मनगटातून जाड दंडाला रस पोहोचवायचा ठरवला, तर मनगट आधी थिजून वाट बंद होते आणि दंडाला खळगा पडतो. रनर, म्हणजे रस आत नेणारी वाट, दंडालाच जोडावा लागतो. वर उचललेल्या हनुवटीखाली हवा अडकेल का, तिथे रायझर, म्हणजे हवा बाहेर सोडणारी वाट, काढला तर तो कापल्यावर गळ्याची रेघ पुन्हा कोरता येईल का, असं सगळं ताडून पाहावं लागतं. हे प्रश्न सवयीचे झाले की माती हातात घेतानाच हात वेगळा चालू लागतो. कुठल्या अवयवाचं वजन कुठल्या अवयवाकडे वाहत जातं, हे दिसायला लागतं. शरीररचनेच्या तासाला मी स्नायूंची नावं शिकलो, पण जाडी आणि बारीकपणा यांचं नातं मला रसाने शिकवलं.

मग मेणाचं वजन करायचं. ब्राँझ मेणाच्या साधारण नऊ-दहा पट जड, त्यावरून मुशीत किती धातू घ्यायचा ते ठरतं. वजनावरून धातू ठरवायची ही रीत चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, लिहून ठेवलेली आहे. राजाला हे लिहावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे.

साचा प्लास्टर आणि सिलिकाचा. तो तासन्तास सावकाश तापवत ७०० अंश सेल्सियसपर्यंत न्यायचा. मेण आधी गळतं, मग उरलेलं जळून जातं. इथे घाई अजिबात चालत नाही. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,७०० पट जागा मागतं, आणि ओलसर साच्यात रस पडला तर ती जागा ते स्फोटाने घेतं. उघड्या सिमेंटच्या फरशीवर रस सांडला तरी फरशीचे तुकडे उडतात, म्हणून खाली कोरड्या वाळूचा थर हवा. मोडीतली पितळी भांडी स्वस्त मिळतात, पण त्यांतलं जस्त ९०७ अंशांना उकळू लागतं आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर माणूस तापाने फणफणतो. मी सिलिकॉन ब्राँझ वापरतो : ९५ टक्क्यांच्या आसपास तांबं, थोडं सिलिकॉन, किंचित मँगनीज. सिलिकाची धूळ तर वर्षानुवर्षं फुफ्फुसात साठत जाते, म्हणून साचा फोडतानाही तोंडावर चांगला मास्क हवाच. ज्याला हे नियम जाचक वाटतात त्याने भट्टी पेटवू नये.

ओतायला दोघं लागतातच. शेजारचे निवृत्त मोल्डर आण्णा सांडशीचं दुसरं टोक धरतात. मूस बाहेर काढली, मळी बाजूला सारली, की त्यांचं एकच सांगणं असतं, “धार तोडायची न्हाई बघा, सर. तुटली की जोड दिसणारच.” रस अकराशे अंशांच्या आसपास असतो. क्षणभर हात थबकला तरी आधीचा रस कातडं धरतो, नंतरचा त्याच्याशी एकजीव होत नाही आणि मूर्तीच्या अंगावर शिवण राहते. घरी ओतणं म्हणजे एकट्याने ओतणं नव्हे, हे मला आण्णांच्या मनगटाकडे पाहून कळलं.

शिल्पकार मीरा मुखर्जींना हे फार आधी कळलं होतं. कोलकात्यात १९२३ मध्ये जन्मलेल्या या बाई १९५०च्या दशकात म्युनिकला शिकून आल्या आणि पुढे बस्तरच्या घडवा कारागिरांकडे जाऊन बसल्या. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून मूर्ती रचायची, वर मातीचे थर द्यायचे, अंगणातल्या भट्टीत ओतायची. घडवांच्या घरात शिल्पकार आणि ओतारी अशी दोन माणसं कधी नव्हतीच. देशभरच्या धातुकारागिरांवर मीराबाईंनी पुस्तकही लिहिलं. दिल्लीच्या एका हॉटेलात त्यांचा भव्य ‘कलिंगातील अशोक’ आहे. त्याच्या अंगावरच्या रेघा आणि पट्ट्या पाहताना मेण कसं चिकटवत नेलं असेल ते समजतं. ती पृष्ठभागाची भाषा मातीत करून बाहेर ओतायला देणाऱ्याला सुचली असती, असं मला वाटत नाही.

घरीच ओतणाऱ्या शिल्पकार चेल्लिनीची गोष्ट त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिली आहे, आणि बढाई वजा करूनही ती मला खरी वाटते. सोळाव्या शतकातलं फ्लॉरेन्स. ‘पर्सियस’ तो आपल्या राहत्या घराच्या कर्मशाळेत ओतत होता. छपराने पेट घेतला, दुसरीकडून पाऊस आत येऊ लागला, त्याला स्वतःला सडकून ताप भरला. अंथरुणाला टेकला तोच निरोप आला की काम बिघडलं. उठून पाहतो तर धातू भट्टीतच थिजून बसलेला. त्याने ओकची वाळलेली लाकडं मागवून जाळ वाढवला आणि घरातली कथिलाची दोनशेच्या आसपास ताटं-भांडी एकेक करून रसात टाकली. तांब्यात कथील वाढलं की ते कमी उष्णतेला वितळतं आणि पातळ वाहतं. मूर्ती उतरली. उणी राहिली ती उजव्या पायाची बोटं आणि त्यांच्या जरा वरचा भाग. पाय नीट उतरणार नाही हे त्याने मूर्ती करवून घेणाऱ्या ड्यूकला आधीच सांगून ठेवलं होतं. मला त्या ताटांपेक्षा या सांगण्याचं महत्त्व जास्त वाटतं. रस कुठवर पोहोचेल, हे मूर्ती रचणाऱ्याला आधीच दिसत होतं.

परसाला मर्यादा आहेत, त्या मान्य करायला हव्यात. शिल्पकार करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी १९२८ मध्ये ओतला गेला तो मुंबईत माझगावच्या गोदीत. तसलं काम कोणाच्या घरामागे होणार नाही, आणि करू पाहणं धोक्याचं आहे. माझ्या मुशीत मावेल एवढीच माझी मूर्ती. मला ती पुरते.

चित्रकला महाविद्यालयातली मुलं विचारतात, जागा नाही, पैसे नाहीत, मग काय करायचं? मी सांगतो, मेण स्वतः करा. रनर आणि रायझर कुठे येतील ते स्वतः आखा, मोल्डरसमोर बसून वाद घाला, आणि ओतण्याच्या दिवशी सुट्टी काढून तिथे हजर राहा. कापलेल्या रनरची जागा कोरायची छिन्नी तुमच्याच हातात द्या, असा आग्रह धरा.