पत्ता कोणाला विचारायचा?

सेलूत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना एक तक्रार वरचेवर कानावर येते. "भाऊ, वाय-फायच्या काड्या पूर्ण आहेत, व्हॉट्सअॅप चालू आहे, पण सातबाऱ्याची साइट काही उघडत नाही." मी कमांडची काळी खिडकी उघडतो आणि 'पिंग ८.८.८.८' टाकतो. उत्तर येतं. साइटच्या नावाने पिंग केलं की नाव सापडत नसल्याची ओळ येते. म्हणजे तारही धड, राउटरही धड. नावावरून आकडी पत्ता काढून देणारा डीएनएस सर्व्हर तेवढा बसलेला.

हा सर्व्हर आपण निवडलेला नसतो. कनेक्शनबरोबर कंपनीचा आपोआप येतो. दुसरा लावायला पैसे पडत नाहीत. गूगलचा ८.८.८.८ डिसेंबर २००९पासून सगळ्यांना खुला आहे, क्वाड-नाइनचा ९.९.९.९ नोव्हेंबर २०१७पासून. क्लाउडफ्लेअरने १.१.१.१ आणला तो १ एप्रिल २०१८ला. मुहूर्त असा की लोकांना थट्टाच वाटावी.

"यानं नेट फास्ट होते ना?" हे विचारणारे खूप. साइट उघडताना क्षणाचा फरक पडेल, पण पिक्चर उतरायचा तो तारेच्याच वेगाने. आपण दिवसभर कुठं कुठं जातो याची यादी या सर्व्हरला दिसते, निवड खरी त्यासाठी करायची. गूगलकडे आपलं आधीच बरंच काही असतं. म्हणून तो मी टाळतो. बँकेच्या नावाने येणाऱ्या खोट्या लिंकवर पटकन बोट ठेवणाऱ्या आजोबांच्या मशीनवर मी क्वाड-नाइन लावतो. ती ना-नफा संस्था आहे आणि फसव्या म्हणून माहीत असलेल्या साइटचा पत्ताच देत नाही. लहान मुलांच्या घरी क्लाउडफ्लेअरचाच १.१.१.३, तो प्रौढांच्या साइटही अडवतो.

पण नुसता आकडा बदलून भागतंच असं नाही. मार्च २०१४मध्ये तुर्कस्तानात ट्विटरवर बंदी आली, तेव्हा ती चुकवायला लोकांनी भिंतींवर ८.८.८.८ रंगवलं होतं. थोड्याच दिवसांत तिथल्या इंटरनेट कंपन्यांनी गूगलच्याच आकड्यावर आपला तोतया सर्व्हर बसवला. साधा डीएनएस उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, म्हणून असं करता येतं. यावर उपाय 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस', म्हणजे कुलूपबंद विचारणा.

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज असं जायचं. 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट'समोर एडिट, मग मॅन्युअल. आयपीव्ही-४ चालू करून पहिल्या चौकटीत ९.९.९.९, दुसरीत १४९.११२.११२.११२ (टाइप करताना आकडे इंग्रजीच), आणि एचटीटीपीएसचा पर्याय ऑन. बरेच जण इथंच थांबतात. खाली आयपीव्ही-६ तसाच राहिला, तर कॉम्प्युटर तिकडून कंपनीच्याच सर्व्हरला विचारत राहतो. तोही भरायचा.

दुसऱ्या चौकटीत 'असू दे' म्हणून गूगलचा आकडा टाकणारेही भेटतात. दुसरा सर्व्हर फक्त अडीअडचणीला असतो असं नाही. कॉम्प्युटर केव्हाही त्याच्याकडे वळतो. मग पहिल्याने अडवलेली साइट दुसरा सरळ उघडून देतो. जोडी एकाच घरची हवी.

सगळ्या घराला एकदम लावायचं तर राउटरमध्येच बदल करावा. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ती जागाच बंद असते. तिथं प्रत्येक मशीन वेगळं करावं लागतं. नागपूर-पुण्याच्या ऑफिसचा लॅपटॉप दिवाळीला घरी आला असेल, तर त्याला मात्र हात लावू नये. ऑफिसातल्या सर्व्हरची नावं बाहेरच्या डीएनएसला ठाऊक नसतात.