उद्योगचरित्रे आणि आमची सही

स्वतः एका पैचाही व्यापार न करिता इतरांस उद्योगाचा उपदेश करावा आणि त्याचा पगार घ्यावा, अशा वर्गात आम्ही मोडतो. उद्योगधंद्यावर चांगले पुस्तक कोणते, असे विचारीत विद्यार्थी आले की आमची यादी तयारच असते. गं. दे. खानोलकरांनी लिहिलेले वालचंद हिराचंदांचे चरित्र, शं. वा. किर्लोस्करांचे 'शंवाकीय', आणि भारदस्त मराठीचे भय वाटणाऱ्यांसाठी विठ्ठल कामतांचे 'इडली, ऑर्किड आणि मी'. स्माइल्सचे 'सेल्फ-हेल्प' (१८५९) आम्ही सहसा सुचवीत नाही. त्यातली माणसे फारच एकट्याने वर चढतात.

गेल्या दिवाळीत हीच पुस्तके पिशवीत घालून आम्ही निमोण्यास गेलो. चिंचणीचे घोड धरण आमच्या गावापासून जवळच. तरी कालव्याचे पाणी जेथे पोचत नाही तेथील संसार विहिरीवर आणि तिच्यातल्या मोटारीवरच चालतो. ती मोटार जळते, आणि ऐन पाळीच्या वेळी जळते. थोरल्या बंधूंचा मुलगा शिरूरला एका दुकानात मोटारी भरावयास शिकला आहे. आता त्यास गावातच स्वतःचे दुकान घालावयाचे होते. पतपेढी कर्ज द्यावयास राजी; मात्र जामीनदार पगारदार हवा. घराण्यात पगारदार आम्ही एकटेच. त्याने कागद पुढे केला, आम्ही पुस्तके पुढे केली.

यास कारण होते. पूर्वी एका स्नेह्यास जामीन राहून त्याचे अकरा हप्ते आम्ही भरले आहेत. निघताना सौभाग्यवतींनी बजावलेच होते, "पुस्तके द्या, सही नको."

संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही त्यास लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा सांगू लागलो. ही कथा आम्हांस चांगली साधते. चित्रकार होण्यास निघालेल्या तरुणास रंग नीट ओळखता येत नाहीत. तो यंत्रांकडे वळतो. मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकविता शिकविता सायकली घेऊन बेळगावास पाठवितो...

"काका, त्या बेळगावात विकायचं कोण?" पुतण्याने मध्येच विचारले.

"त्यांचे थोरले बंधू, रामूअण्णा."

पुढे नांगराची हकीकत आली. लोखंडाने जमिनीत विष भिनते या समजुतीमुळे पहिले नांगर सुमारे दोन वर्षे पडून राहिले होते. या ठिकाणी आम्ही वर्गात नेहमी किंचित थांबतो. पण त्याने आम्हांस थांबू दिले नाही. "दोन वर्षं घर कसं चाललं त्यांचं?" पुढे नगरपालिकेच्या हुकमाने बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पाठीशी माणसं होती."

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती, म्हणूनच ते लागले. इतकी वर्षे ही कथा सांगताना रामूअण्णांस आम्ही अर्ध्या वाक्यात आटोपीत आलो. आणि कारखान्याच्या नावातला 'ब्रदर्स' हा शब्द तर डोळ्यांपुढे असूनही वाचला नव्हता. पुस्तकांचे लेखक तरी ते लपवीत नाहीत. 'शंवाकीय' लिहिणारे शंकरराव हे लक्ष्मणरावांचे पुतणेच. नांगर व चरक करणाऱ्या वाडीत १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. प्रथम कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्र पुढे महाराष्ट्राचे मासिक झाले. पुतण्याने असले काही काढावे आणि काकांनी ते चालू द्यावे, यात काकांचेही काही धाडस असेल, हे त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आमच्या ध्यानात आले. झोप उशिरा लागली.

सकाळी दादा गोठ्याकडून आले. त्यांनी सहीचा विषय काढला नाही, वहिनींनीही नाही. चहा झाल्यावर आम्हीच कागद मागितला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर शेकड्यांनी सह्या करणारा आमचा हात यावेळी चांगलाच कापला, आणि सही बँकेतल्या नमुन्याशी जुळेल की नाही अशी शंका येऊन ती पुन्हा करावी लागली.

दुकान संक्रांतीस उघडले. पुतण्याने 'शंवाकीय' वाचून परत पाठविले. वालचंदांचे चरित्र ठेवून घेतले आहे. ते फार जाड आहे, गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचीन, असे त्याने कळविले. घरी मात्र सहीचे आम्ही अद्याप बोललो नाही. हा अंक हाती पडेल तेव्हा कळेलच.