टीनाचा ड्रॅगन आणि नरसीची परतवारी

वीकेण्डला कुठे जाणार, असं ऑफिसात कुणी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. लोणावळा, अलिबाग, फार तर गोवा. यावेळी मी म्हटलं, 'नरसी नामदेव.' शेजारच्या डेस्कवरच्याने हेडफोन काढून पुन्हा विचारलं, 'कुठे?' म्हटलं, 'हिंगोली जिल्हा. ड्रॅगन मारायला चाललोय.' त्याने हेडफोन परत कानाला लावला.

पण बॉस, खरं तेच सांगत होतो!

झालं असं की आम्ही चौघे. हिंजवडीच्या अलीकडे एक टू बीएचके, चार पगार, एक पीएस-फोर आणि शुक्रवारची रात्र. चौघांतला एक नरसीचा. त्याला आम्ही नरसीकरच म्हणायचो. बाकी कुणी पबमध्ये जायचं, कुणी ट्रेकला. आम्ही मात्र पिझ्झा मागवून 'बॉर्डरलँड्स २' लावायचो. गिअरबॉक्स या अमेरिकन कंपनीचा हा गेम २०१२ सालचा. पँडोरा नावाचा एक ओसाड ग्रह, चक्रम दरोडेखोर आणि मोजता येणार नाहीत इतक्या बंदुका. थोडक्यात, ढिशूम ढिशूम. 'हॅण्डसम कलेक्शन' या पीएस-फोरवरच्या आवृत्तीत एकाच टीव्हीचे चार तुकडे करून चौघांना एकदम खेळता येतं. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला टीव्हीचा चतकोर!

या गेमला पुढे जोड-भाग आले. त्यातला सगळ्यात भारी जून २०१३ चा, 'टायनी टीनाज असॉल्ट ऑन ड्रॅगन कीप'. फंडा एकदम हटके. बॉम्बचं वेड असलेली टीना नावाची तेरा वर्षांची पोरगी आपल्या मोठ्या दोस्तांना टेबलाभोवती बसवून एक खेळ खेळवते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ पासून चालत आलेला फाशांचा, राक्षसांचा आणि जादूगारांचा खेळ ऐकून असाल. त्याचीच ही टवाळी. टीना गोष्ट सांगणार आणि ती सांगेल ते आपल्या स्क्रीनवर घडणार! सुरुवातीलाच ती अंगावर एक ड्रॅगन सोडते. आपण जागच्या जागी खलास. दोस्त कुरकुरतात, असं कुठे असतं का, पहिल्याच फटक्याला शेवटचा व्हिलन? टीना म्हणते, बरं. ड्रॅगन गायब, आणि त्याच्या जागी उभा राहतो 'मिस्टर बोनी पँट्स गाय' नावाचा एक फुसका सांगाडा.

पुढे सगळी धम्मालच. हातगोळ्यांच्या जागी जादूचे मंत्र, वीस बाजूंच्या फाशाचे पेटारे (आकडा मोठा पडला तर बंदूक भारी) आणि चक्क तलवारी फेकणारी शॉटगन. ती तलवार जाऊन फुटते! राणी कोण, तर हिऱ्याची घोडी. आम्ही हसून हसून लोळायचो. नरसीकर मात्र भाव द्यायचा नाही. 'आमच्या औंढ्याला अख्खं देऊळ फिरलंय,' तो म्हणायचा, 'तुमची टीना काय सांगती!'

औंढा म्हणजे औंढा नागनाथ, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. नामदेवांना देवळापुढे कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन गायला लागले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी कथा आहे. नरसीकराकडे अशा गोष्टींचा स्टॉक होता. गेममध्ये एक मिशन येतं. मिस्टर टॉर्ग नावाच्या धिप्पाड, आरडाओरडा करणाऱ्या गड्याला टीनाच्या टेबलावर बसायचं असतं, तर लिलिथ त्याची उलटतपासणी घेते. तू खरा गीक आहेस की नुसता दिखाऊ? तेव्हा नरसीकराने गेम पॉज करून आम्हाला गोरा कुंभारांची गोष्ट सांगितली होती. संतांची मंडळी जमलेली. गोरोबा मडकी तपासायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघतात, कोण पक्कं आणि कोण कच्चं. सगळे गप्प बसून मार खातात, नामदेव तेवढे चिडतात. निकाल : हे मडकं कच्चं! 'आमच्या गावचा माणूस,' नरसीकर कॉलर ताठ करून म्हणाला, 'फेल झाला तिथूनच खरा सुरू झाला.' त्यानंतरच नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू भेटला, असं सांगतात.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. चौघे चार गावांना. पीएस-फोर नरसीकराने सोबत नेला. आमचा सेव्ह ड्रॅगन कीपच्या दारात अडकला होता, शेवटच्या मिशनवर. 'परत आलो की एका रात्रीत संपवू,' असं ठरलं होतं.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नरसीकर गेला. या गेममध्ये पडलेल्या भिडूजवळ जाऊन बटण दाबून धरलं की तो उठून उभा राहतो. आम्हाला तेव्हा जिल्ह्याची हद्दसुद्धा ओलांडता आली नाही. व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, तिघांनी तो आपापल्या खोलीत वाचला. बस्स.

मग वर्षं गेली. नोकऱ्या बदलल्या, एकाचं लग्न झालं. नरसीला जायचं कुणीच काढत नव्हतं. शेवटी त्याच्या धाकट्या बहिणीचाच मेसेज आला. 'दादाचा गेम तसाच आहे. मी एकटीने लावला नाही. परतवारीला या.'

परतवारी हा शब्द मला माहीत नव्हता. आषाढी एकादशीला पंढरपूर, हे सगळ्यांना ठाऊक. त्यानंतर पंधरा दिवसांनी येते ती आषाढ वद्य एकादशी. विठ्ठलाला भेटून वारकरी घराकडे निघालेले असतात. ती परतवारी, आणि त्या दिवशी नरसीला प्रचंड गर्दी लोटते. कारण नामदेवांचं जन्मगाव म्हणून मान नरसीचा. पंढरपुरात त्यांची पायरी, पंजाबात घुमान, आणि सुरुवात इथे, कयाधू नदीच्या काठावर.

पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. सकाळी हिंगोलीत उतरलो तर हवेत पाऊस आणि मातीचा वास. हिंगोली म्हणजे हळदीचं मोठं मार्केट. आपल्या फोडणीतली चिमूटभर हळद इथून आली असण्याचा चान्स बराच! तिथून नरसीला जायला अर्धा-पाऊण तास पुरतो. त्या दिवशी मात्र एसटी फुल्ल, जीप फुल्ल आणि रस्त्याच्या कडेने पायी चाललेल्या दिंड्या. दोन्ही बाजूंना सोयाबीन, हिरवंगार. टाळांच्या आवाजात आमच्या जीपचा हॉर्न कुणी मनावर घेत नव्हतं.

दर्शनाच्या रांगेत दोन-अडीच तास गेले. मोबाइलला रेंज येऊन-जाऊन, त्यामुळे करण्यासारखं एकच उरलं, बघणं. टोप्या, फेटे, नऊवारी, कडेवरची पोरं, प्लास्टिकची खेळणी, पेढ्यांचे ढीग. नामदेवांचं नाव शिखांनाही तितकंच जवळचं. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत आणि २०१५ चं मराठी साहित्य संमेलन चक्क पंजाबातल्या घुमानला भरलं होतं, ते त्यांच्यामुळेच. विचार करा, तेराव्या-चौदाव्या शतकात एका शिंप्याच्या पोराने केवढा प्रवास केला असेल!

बाहेर मांडवात कीर्तन चाललं होतं. बुवा आळंदीची गोष्ट सांगत होते. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली. परंपरा सांगते की नामदेव तिथे होते. वय सव्वीस. आपल्यातल्या कितीतरी जणांचं वय! आधी दोघांनी मिळून तीर्थयात्रा केलेली. समाधीचा तो सगळा प्रसंग नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत आहे, कोण कोण होतं, कोण कसं रडलं ते. आमच्यातला एरवी सतत जोक मारणारा भिडू त्या कीर्तनात एक शब्द बोलला नाही.

नरसीकराचं घर गावातच. काकू दारातच उभ्या होत्या. 'आलाव का लेकरांनो? हातपाय धुवा आधी.' रडारड होईल म्हणून आम्ही तिघे टरकून होतो. तसं काही झालं नाही. एकादशीची भगर आणि शेंगदाण्याची आमटी ताटात पडली, आणि 'अजून घ्या की' एवढंच संभाषण. (शेंगदाण्याची ती आमटी... पुण्यातलं कुठलंही उपवासाचं थालीपीठ तिच्यापुढे पाणी भरेल!)

संध्याकाळी बहिणीने कपाटातून पीएस-फोर काढला. पुसून पुसून ठेवलेला. आम्हाला मधेच शंका, एकादशीच्या दिवशी हे बरं दिसेल का? काकूच म्हणाल्या, 'राक्षसच मारायलाव ना? मग काय झालं?'

खरा प्रश्न होता चौथ्या कंट्रोलरचा. नरसीकराचा भिडू म्हणजे साल्वाडोर, दोन्ही हातांत बंदुका घेणारा बुटका. त्याचा चतकोर रिकामा ठेवायचा का? नवा भिडू पहिल्या लेव्हलचा घेतला तर ड्रॅगन कीपच्या दारातच त्याचा चुरा. कुणी काही बोलेना. बहिणीने कंट्रोलर उचलला आणि म्हणाली, 'दादाचा मीच खेळते. मला शिकवलंय त्याने.' आणि काय खेळली! पहिल्याच फटक्यात तिने आम्हा तिघांना मागे टाकलं.

काकू भिंतीला टेकून बघत होत्या. इंग्रजी कळत नव्हतं. 'ती पोरगी कवाची बोलायली, कोण हाय?' बहीण म्हणाली, 'गोष्ट सांगायली, आई. ती सांगती तसं व्हायलंय.'

आणि लाइन गेली!

ठार अंधार. दूर कुठेतरी भजन चाललेलं, बाहेर बेडूक. कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला. काकूंनी विचारलं, 'कशाची गोष्ट म्हणं ती?'

आम्ही तिघे एकमेकांकडे बघायला लागलो. कारण गंमत-जंमत चालू असते, तलवारी फुटत असतात आणि त्याच्या खाली या गोष्टीत एक दुसरी गोष्ट आहे. मूळ गेममध्ये रोलँड मारला जातो. टीनाचा सगळ्यात मोठा आधार. टीना ते मान्यच करत नाही. स्वतःच्या खेळात ती त्याला पांढरा शूरवीर बनवून आणते. टेबलावरचे बाकीचे अवघडतात, पण कुणी तिला थांबवत नाही. आम्ही ते आधीही पाहिलं होतं. पिझ्झा खाता खाता.

बहिणीनेच उत्तर दिलं. 'तिचा दोस्त मेलाय आई. पण गोष्टीत ती त्याला जिवंत ठेवायली.'

काकू जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'मंग? शेवटी काय करती?'

'तेच बघायचं राहिलंय, काकू,' मी म्हटलं.

तासाभराने लाइन आली. सुदैवाने फार मागे जावं लागलं नाही. शेवटचा व्हिलन म्हणजे हॅण्डसम सॉर्सरर. त्याचा चेहरा कुणाचा, तर रोलँडला मारणाऱ्या हॅण्डसम जॅकचा. तो रूपं बदलत राहतो, एक संपलं की दुसरं. मधेच साल्वाडोर पडला. आम्ही तिघे आपापली लढाई सोडून एकदम त्याच्याकडे धावलो. एकाने धावायला हवं, दोघांनी कव्हर द्यायचं, हा साधा नियम. तिघांनाही तो आठवला नाही. बटण दाबून धरलं. साल्वाडोर उठला.

जादूगार मेला. मग टीना बोलायला लागते, आणि त्यात नेहमीचा चक्रमपणा राहत नाही. रोलँड गेलाय हे तिला माहीत असतं. तरी ही गोष्ट तिची असते, आणि ती तिला हवी तशी संपवायची असते. दोस्त म्हणतात, ठीक आहे. इतकंच.

काकूंनी विचारलं, 'काय म्हणली ती?'

'तिला माहीत होतं म्हणाली. आधीपासून.'

'असतंयच की माहीत,' काकू म्हणाल्या आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. भाकरी, पिठलं, ठेचा असं दणकून जेवलो. मग दुपारी कयाधूच्या काठावर जाऊन बसलो आणि पहिल्यांदाच तिघांनी नरसीकराविषयी भरपूर बोलून घेतलं. तो घोरायचा कसा, भाड्याचे पैसे चुकवायचा कसा, सगळं. हसलोही. चार वर्षं जमलं नव्हतं ते.

पीएस-फोर तिथेच ठेवला. निघताना बहिणीने यादी दिली. टीनाचा स्वतंत्र गेम आलाय, 'टायनी टीनाज वंडरलँड्स', २०२२ चा. 'पुढच्या परतवारीला तो घेऊन या,' म्हणाली. 'आणि कंट्रोलर नवे आणा, यांची बटणं गेलीत.'

सोमवारी शेजारच्या डेस्कवरच्याने विचारलं, 'मग, मारला का ड्रॅगन?'

'मारला,' म्हटलं. यावेळी हेडफोन मीच लावला.

नरसीला जाताय?

कसे जाल : मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने परभणी किंवा नांदेड, तिथून हिंगोली. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स. हिंगोलीहून नरसीला एसटी आणि जीप.

कधी जाल : गर्दी अनुभवायची तर आषाढ वद्य एकादशी. शांतपणे बघायचं तर इतर कुठलाही दिवस.

काय चुकवू नका : औंढा नागनाथचं जुनं दगडी देऊळ. देऊळ कुठे तोंड करून उभं आहे, ते नीट बघा!

काय न्याल : सुटसुटीत सामान, छत्री आणि चार्ज केलेली पॉवर बँक. लाइन जाते.