खाडा

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर तिथी-वार पाहण्यापेक्षा खाडे मांडण्याचेच काम अधिक चालते. मोलकरीण आली नाही की फुली. महिनाअखेरीस फुल्या मोजायच्या आणि तेवढे पैसे कापायचे. हे मी वर्षानुवर्षे अगदी निर्मळ मनाने करीत आलो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलो होतो. दर्शन घेऊन टेकडी उतरलो, तर खाली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाडे चढत होती. पत्रे, भांडी, शेळ्या, पोरे! मंडळी ऊसतोडीला निघाली होती. एक बाई तापाने लाल होऊन, घोंगडी गुंडाळून बसलेली. मी आपला शहाणपणा केला, "बाई, ताप उतरू द्या, मग निघा."

ती हसली. म्हणाली, "उचल घेतलीया, दादा. खाडा पडला तर तुमी भरता का?"

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल आधीच देतो. एकाने अंग टाकले की कोयता अडतो. मजुरी बुडतेच, वर खाड्याचे पैसे उचलीत चढतात. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दुखण्यापायी खाडे पडू नयेत, हेही त्यामागचे एक कारण होते. कामगाराला आजारपणात निम्म्याहून अधिक वेतन देणारा राज्य विम्याचा कायदा १९४८ सालीच झाला होता. पण त्यातून हंगामी कारखाने वगळले होते. मग फडात ऊस तोडणाऱ्यांना कोण विचारतो?

घरी परतलो. दिनदर्शिकेवर त्या महिन्याच्या दोन फुल्या होत्या. मोलकरणीला प्रथमच विचारले, "त्या दोन दिवशी काय झाले होते?"

"ताप होता, काका. उठवेना."

"आणि तिसऱ्या दिवशी उतरला?"

"नाही. उठवलं, म्हणून आले."

मी पुन्हा दिनदर्शिकेकडे पाहिले. फुल्या मी चोख मांडल्या होत्या. पण फुल्यांच्या पुढची ती कोरी घरे? त्यांत ती तापात भांडी घाशीत होती आणि मी शेजारच्या खोलीत चहा पीत होतो.

त्या महिन्याचे पैसे पुरते दिले. पैसे मोजून ती जरा बावरली आणि म्हणाली, "काका, दोन खाडे धरायचे राहिले."