घाटमाथ्यावरचं जांभूळ



महाबळेश्वरच्या जंगलात अंजनी, जांभूळ आणि पिसा यांची दाटी असते आणि तिन्ही झाडं तिथे बहुधा बुटकी, गाठाळ होतात. कोकणात घराच्या कौलांवर सावली धरणारं जांभूळ ते हेच. घाटमाथ्यावर जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ, चार महिने वाऱ्यापावसाचा मारा आणि दिवाळीनंतर मेपर्यंत कोरड. सरळ उंच जाणाऱ्या खोडाचा तिथे निभाव लागत नाही. बाळू, तू पत्रात अशा झाडांना ‘खुरटी’ म्हटलंस; ते पर्यटकांना शोभतं. त्याच फांद्यांवर बसून ज्याने जांभळं खाल्ली आणि सदरे डागाळून घरी बोलणी खाल्ली, त्याला नाही.

उष्ण कटिबंधात १,००० मीटर चढलं की हवा साधारण ६ अंशांनी गार होते. ढग उतरून बसतात, ऊन कमी मिळतं, ओल्या गार मातीत पाचोळा सावकाश कुजतो आणि मुळांना नत्र मिळायला वेळ लागतो. मिळकत बेताची असली की वस्तू टिकाऊ घ्यावी लागते. झाडाचं पानही तसंच. ते लहान, जाड, चामड्यासारखं होतं. चौरस सेंटीमीटरमागे त्याचं वजन वाढतं आणि ते फांदीवर जास्त काळ टिकतं. निलगिरीच्या शोला जंगलांत हे स्वच्छ दिसतं. तिथल्या लाल फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनचं पान हातात घेऊन पाहावं, म्हणजे ‘खुरटं’ हा शब्द पुन्हा पत्रात यायचा नाही.

हे गुण जन्माचे की जागेचे, याचं उत्तर हवाई बेटांवरच्या ओहिआ झाडाने अर्धं-अर्धं दिलं आहे. उंचावर त्याची पानं लवदार, खाली बहुधा गुळगुळीत. निरनिराळ्या उंचीवरची रोपं एकाच बागेत वाढवली, तेव्हा लव टिकली. इतर बरेच फरक मावळले. म्हणजे काही बदल झाड हयातीत करतं, काहींना पिढ्या लागतात.

तापत्या हवेपुढे पिढ्यांचा हिशेब तोकडा पडतो. पेरूतल्या अँडीजच्या उतारांवर झाडांच्या जाती हळूहळू वर सरकत असल्याचं मोजलं गेलं आहे. तिथे डोंगर तरी उंच आहेत. महाबळेश्वरचा सर्वांत उंच माथा १,४३८ मीटरचा. पिशाने त्याच्या वर कुठे जायचं?

पिशाखाली यंदा नवी रोपं दिसतात का, ते उलट टपाली कळवणे.

काका